पाचव्या ओळीतली खिंड

९ जानेवारी

चि. टिल्यास,
आशीर्वाद.

रविवारच्या पुरवणीतला भुलभुलैया तू पाहिला नसशील. मी पाहिला. त्याला तीन वाटा आहेत. एक डावीकडून, एक मधून आणि तिसरी अशी, की डोळे मिटून रेघ ओढली तरी माणूस बाहेर पडावा. ते पान मी एकतीस वर्षं सांभाळलं. एवढ्या काळात एकदाच एका कोड्याला दुसरं उत्तर निघालं, तर पुढच्या रविवारी मी जाहीर माफी छापली आणि तीन दिवस नीट जेवले नाही. आता ज्या मुलीकडे ते पान आहे तिला मी फोन केला. म्हणाली, "मॅडम, मुलांना सोपं आवडतं." हिला कोणत्या मुलांनी सांगितलं? मी संपादकांना पत्र टाकलंय. या महिन्यातलं दुसरं. पहिलं बागेतल्या मोडक्या बाकांबद्दल होतं.

शाळेत गणिताच्या सिस्टर आम्हाला फळ्यावर चौकोन आखून द्यायच्या आणि म्हणायच्या, वाट शोधणं कुणालाही जमतं, जास्तीच्या वाटा बंद करायला शिका. एवढ्या एका वाक्यावर मी नोकरी केली.

तू त्या गोदामात नेमकं काय करतोस ते मला अजून कळलेलं नाही. फोनवर सांगितलंस, पण फोनवर मला तुझा आवाज ऐकू येतो, शब्द येत नाहीत. लिहून पाठव. अक्षर सुधार.

तुझी मावशी


२१ जानेवारी

ती. मावशी,
नमस्कार.

अक्षर एवढंच सुधारतं, चालवून घे.

मी काय करतो ते सांगतो. तुझंच काम करतो. गोदामात सहा उभ्या गल्ल्या आहेत, दोन गल्ल्यांच्या मध्ये छतापर्यंत रॅक. माल उचलणाऱ्या बायका ढकलगाड्या घेऊन गल्ल्यांतून फिरतात, चिठ्ठीवर लिहिलेला माल गाडीत टाकतात आणि पलीकडच्या दाराने पॅकिंगला देतात. गल्ली गाडीपेक्षा वीतभरच रुंद. समोरासमोर दोन गाड्या आल्या की दोन्ही अडकतात, मागच्या चार थांबतात, आणि साहेब वरच्या काचेतून माझ्याकडे बघतात. कोणती गाडी कुठून जाईल हे ठरवायला मला घेतलंय. तीन महिन्यांची परीक्षा आहे. मार्चअखेर कोंडी थांबली तर नोकरी कायम, नाहीतर घरी.

दोन आठवडे झाले, मला उत्तर सापडत नाही. मग लक्षात आलं, हे तर चौकोनी कोडं आहे आणि घरात कोडी घालणारी बाई आहे. सोबत नकाशा काढलाय. आडवी अकरा घरं, उभी दहा. काळी घरं म्हणजे रॅक; वरच्या आणि खालच्या टोकाला पुढच्या गल्लीत वळायला जागा आहे. पहिल्या गल्लीच्या खालच्या टोकाला आत यायचं, सहाव्या गल्लीच्या खालच्या टोकाला बाहेर पडायचं. वरून पाचव्या ओळीत सगळे रॅक छेदून एक आडवी खिंड जाते. नियम असे: गाडी मागे घेता येत नाही. एका घरात दोन गाड्या नाहीत. प्रत्येक गल्लीतून गाडी गेलीच पाहिजे. आणि चौथ्या गल्लीच्या वरच्या कोपऱ्यात एक खांब असा बसलाय की तिथे गाडी वरून खाली उतरते, खालून वर चढत नाही.

सोडव. लहानपणी तू मला सोडवायला लावायचीस, आता तुझी पाळी.

टिल्या


२८ जानेवारी

चि. टिल्यास,
आशीर्वाद.

तुझं पाकीट सकाळी आलं. दुपारचं जेवण करपलं.

तुझ्या त्या खांबाला तू अडथळा म्हणतोस. अरे, त्यानेच उत्तर दिलंय. चौथी गल्ली खालीच उतरते म्हणजे तिसरी वर चढली पाहिजे. तिसरी वर, तर दुसरी खाली, पहिली वर. पुढे पाचवी वर, सहावी खाली, आणि सहावी खाली उतरते तिथेच तुझं बाहेरचं दार. पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत बरोबर पासष्ट घरं. गल्लीतलं एक घर रिकामं जात नाही, एक दोनदा येत नाही. असं कोडं मी पुरवणीत छापलं असतं तर मला स्वतःचा अभिमान वाटला असता.

बिघाड एकच आहे. ती खिंड. ती उघडी आहे तोवर कोणीही पाचव्या ओळीत आडवं घुसून कुठल्याही गल्लीत उगवेल, आणि तुझे बाण कागदावरच राहतील. पाचही रॅकमधली ती भोकं बुजव. वाट एकच ठेव. एकच वाट असली की कोंडी व्हायला जागाच उरत नाही, सगळ्या एकामागोमाग एक चालतील. नकाशा दुरुस्त केलाय; मूळ माझ्याकडे ठेवून त्याची नक्कल पाठवतेय. काळी केलेली पाच घरं माझी.

संपादकांचं उत्तर आलं. "आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे." कुठे घेतली, ते लिहिलेलं नाही.

मावशी


८ फेब्रुवारी

ती. मावशी,
नमस्कार.

तुझा नकाशा साहेबांना दाखवला. बोटाने वाट गिरवत ते म्हणाले, "हे आधी का नाही सुचलं तुम्हाला?" मी सांगितलं नाही की अजूनही मला नाही सुचलेलं.

पण मुकादम आडवे आलेत. म्हातारे आहेत, बावीस वर्षं तिथे आहेत, बायका त्यांचं ऐकतात. त्यांचं म्हणणं खिंड बुजवू नका. बायकांना पाण्याला जायचं असतं, बाथरूमला जायचं असतं, एखादी वस्तू मागच्या गल्लीत राहिली तर परत यायचं असतं. खिंड नसली तर प्रत्येक वेळी पूर्ण फेरी. बायकाही कुरकुरतायत. त्यांच्यात एक चष्मेवाली आहे, जाड भिंगांची, तिला जीभ भारी. काल सगळ्यांसमोर म्हणाली, "साहेब, आम्हाला मुंग्या समजलात तर ओळीत तरी साखर ठेवा." सगळ्या हसल्या. मलाही हसू आलं, पण हसलो नाही.

मार्चअखेरला पन्नास दिवस राहिलेत. तू सांग, खिंड बुजवू की नको?

टिल्या


१५ फेब्रुवारी

चि. टिल्यास,
आशीर्वाद.

इतकी वर्षं माझ्या घरात वाढलास आणि प्रश्न विचारतोस मुकादमाच्या तोंडचा.

ज्या कोड्याला दोन उत्तरं असतात ते कोडं नव्हे, गोंधळ. सवलत म्हणून एक भोक ठेवायचं, मग त्या भोकातून सगळं कोडं वाहून जायचं, हे मी आयुष्यभर पाहिलंय. कार्यालयात, शाळेत, सगळीकडे. प्रत्येकाला आपल्यासाठी एक खिंड हवी असते. तुझ्या मुकादमांना सांग, पासष्ट घरं म्हणजे काही जगाची प्रदक्षिणा नाही. बायकांनी चालावं थोडं. मीही चालले आयुष्यभर, माझ्यासाठी कोणी भिंत फोडून ठेवली नव्हती.

त्या चष्मेवालीला मात्र जीभ आहे हे कबूल. तिला सांग, मुंग्या एका ओळीत चालतात म्हणून घरी पोचतात.

बुजव. आणि लोकर पाठवतेय तिचा मफलर करून घे, तुझ्या गोदामात थंडी असणार.

मावशी


३ मार्च

ती. मावशी,
नमस्कार.

बुजवली. पाचही जागी नवे रॅक ठोकले. शिवाय प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी एकाच बाजूला उघडणारी लोखंडी झडप बसवली. गाडी पुढे ढकलली की झडप उघडते, गाडी गेली की मागे आपोआप बंद होते. उलट ढकलली तर हलत नाही. आता चुकायचं म्हटलं तरी कोणाला चुकता येत नाही.

अकरा दिवसांत एकदाही कोंडी नाही. साहेबांनी काल बोलावून कायम केल्याचं पत्र हातात दिलं. मार्चअखेरपर्यंत थांबलेही नाहीत.

तुला एक गंमत. तुझ्या पत्रातलं ते वाक्य मी साहेबांना वाचून दाखवलं होतं, त्यांना इतकं आवडलं की मोठ्या अक्षरांत लिहून आतल्या दाराशी फलकावर लावलं. "पासष्ट घरं म्हणजे काही जगाची प्रदक्षिणा नाही." खाली कोणाचं नाव नाही. चष्मेवालीने विचारलं, हे कोण शहाणं? मी म्हटलं, माझी मावशी. ती म्हणाली, "मग मावशींना एक दिवस आणा की इथे. गाडी मी देते माझी."

टिल्या


१० मार्च

चि. टिल्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईचा फोटो समोर ठेवून पत्र दोनदा वाचलं. ती असती तर सगळ्या चाळीला सांगत फिरली असती. मी सांगत फिरत नाही. फक्त खालच्या दुकानदाराला सांगितलं, आणि त्याने बाकीचं काम केलं.

वाक्य फलकावर लावायच्या आधी मला विचारायला हवं होतंस. पण लावलंस तर लावलंस. निदान विरामचिन्हं बरोबर आहेत ना, ते बघ.

तुझ्या चष्मेवालीला सांग, येईन. गुडघे बरे असले तर येईन आणि तिच्यापुढे चालेन.

मावशी


२२ एप्रिल

चि. टिल्यास,

सात आठवडे तुझं पत्र नाही. मी कामात असशील म्हणून गप्प होते.

आजच्या वर्तमानपत्रात चौथ्या पानावर, तळाशी, चार ओळी आहेत. तुझ्या शहरातल्या एका गोदामात शुक्रवारी सकाळी आग. वरच्या टोकाला एका यंत्राची बॅटरी चार्जिंगला लावली होती, ती पेटली. एक महिला कामगार गुदमरून गेली. गोदामाचं नाव दिलेलं नाही. माणूस मरतो आणि चार ओळी, आणि त्याच पानावर कुठल्याशा साबणाची अर्धं पान जाहिरात. मी संपादकांना लिहिणार आहे.

तुझं नव्हे ना ते? दोनदा फोन केला, कोणी उचलला नाही. उत्तर दे. एक ओळ चालेल.

मावशी


३० एप्रिल

ती. मावशी,

आमचंच. मी सुखरूप आहे, त्या वेळी वर ऑफिसात होतो. चौकशी चालू आहे, म्हणून पत्र लिहायला जमलं नाही. वर्तमानपत्रात येईल त्यावर विश्वास ठेवू नकोस आणि कृपा करून संपादकांना काही लिहू नकोस. तुला काळजी वाटेल म्हणून हे लिहितोय. बाकी नंतर.

टिल्या


५ मे

चि. टिल्यास,

सुखरूप आहेस, हे वाचून मी खुर्चीवर बसले. ते झालं.

आता दुसरं. तुझ्या पत्रात सगळं तुझ्याबद्दल आहे. जी गेली ती कोण, हे नाही. बावीस तारखेला मला एका बाईचा मृत्यू वाचून राग आला, तो संपादकांवर काढणार होते. तू सांगितलंस लिहू नको. मी का लिहू नये, याचा विचार करत दोन दिवस गेले.

परवाच्या अंकात थोडं जास्त आलंय. ती पाचव्या गल्लीत सापडली. सोबतच्या बायका गाड्या टाकून, झडपांवरून चढून मागच्या मागे बाहेर पडल्या. ती सर्वांत पुढे होती. बातमीत असंही आहे की गोदामाला बाजूला एक लहान दार आहे, "पण तिकडे जाणारा मधला मार्ग काही आठवड्यांपूर्वी बंद करण्यात आला होता."

तू पाठवलेला नकाशा काढून समोर ठेवलाय. त्यात बाजूला दार नाही. मी चष्मा पुसून पाहिलं, भिंग लावून पाहिलं. नाही.

मला तीन गोष्टींची उत्तरं हवी आहेत. ती कोण होती? दार कुठे आहे? आणि ज्याने तो मार्ग बंद केला असं छापलंय, तो कोण, असं चौकशीत कोणी सांगितलंय?

मावशी


१४ मे

ती. मावशी,

चष्मेवाली होती.

दार पाचव्या ओळीतच आहे. सहाव्या गल्लीच्या बाहेरच्या भिंतीत. खिंड सरळ त्याच्यापर्यंत जायची. नकाशात मी काढलं नव्हतं, कारण गाड्यांना त्याचा उपयोग नव्हता, उंबरा उंच आहे. गाड्यांचाच नकाशा होता तो.

ती पाचव्या गल्लीत वर चढत होती. धूर वरच्या टोकाकडून आला. पुढे आग, मागे झडप, झडपेमागे चार गाड्या. बाकीच्या झडपेवरून चढल्या. तिचा चष्मा पडला असं म्हणतात. सापडली तेव्हा ती रॅकला टेकून होती, जिथे आधी खिंड होती त्याच्या दोन घरं खाली.

चौकशीत मांडणी कोणाची असं विचारलं. साहेब म्हणाले, गल्ल्यांचं सगळं मुकादम बघतात, बावीस वर्षं तेच बघतात. मला विचारलं तेव्हा मी नाही म्हटलं नाही. एवढंच. मुकादमांना कामावरून काढून घरी बसवलंय. ते साठीच्या पुढे आहेत, त्यांचं काही फार बिघडणार नाही. माझी नोकरी आत्ता कायम झालीय. तूच म्हणायचीस ना, एकदा पाय टेकला की उचलायचा नाही.

तुझी पत्रं मी जाळली. माझी तुझ्याकडे असतील तर तीही जाळ. नकाशासुद्धा. तुझ्याही भल्याचं आहे ते. नकाशावर पाच घरं तू काळी केलीस, तुझ्या शाईने.

टिल्या


२० मे

भाचेबुवा,

माझ्या भल्याचा विचार करायला तुला फार उशीर झाला आणि पद्धत चुकली.

शाई माझीच आहे. मी ती पाच घरं काळी केली, तू मला विचारलंस तेव्हा दुसऱ्यांदा केली, आणि वर बायकांनी चालावं असं लिहिलं. मला ठाऊक होतं की गाड्यांमागे बायका आहेत. दार ठाऊक नव्हतं, पण बायका ठाऊक होत्या. कागदावर वाट बंद केली की पेन्सिल अडते, एवढंच मी आयुष्यभर पाहिलं. त्या पलीकडे काय अडतं, हा विचार मला एकदाही शिवला नाही. हे मी कोणापासून लपवणार नाही.

पण मुकादम. तुझा तो म्हातारा माणूस, ज्याने एकट्याने सांगितलं की बुजवू नका, त्याच्या डोक्यावर तू हे ठेवलंस आणि लिहितोस की मी नाही म्हटलं नाही. तुला बोलायला मी शिकवलं. "नाही" हा शब्द तू दीड वर्षाचा असताना तुला येत होता, सगळं घर वैतागलं होतं त्याने.

मी चौकशी कार्यालयाला पत्र लिहिलंय. त्यांनी सोमवारी, सव्वीस तारखेला, अकरा वाजता बोलावलंय. तुझी सगळी पत्रं आणि नकाशा घेऊन येतेय. त्यांना काय आणतेय ते मी अजून सांगितलेलं नाही. अकराच्या आधी तू जाऊन स्वतः सांगितलंस तर मी बाहेरच्या बाकावर बसून राहीन आणि कागद पिशवीतच ठेवीन. याच्यापेक्षा जास्त मला तुझ्यासाठी करता येणार नाही.

मावशी


२३ मे

मावशी,

येऊ नकोस.

तुला एक गोष्ट सांगितली नाही, ती आता सांगतो, म्हणजे तुझ्या मनावरचं ओझं तरी जाईल. फेब्रुवारीत मुकादमांनी मला एक अर्ज दिला होता. साहेबांना द्या म्हणाले. त्यात पाण्याचं, बाथरूमचं काही नव्हतं, ते बायका बोलत होत्या. अर्जात दाराचं होतं. आग लागली तर पाचव्या गल्लीतून दुसरी सुटका नाही असं सरळ लिहिलं होतं, ओळ-घर लिहून. मी तो साहेबांना दिला नाही. तुला विचारलं तेव्हाही लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर तू बुजव म्हटलं नसतंस. मला तुझ्याकडून तेच ऐकायचं होतं.

तेव्हा तुझी यात चूक नाही. चूक माझी. आता ती आपल्या दोघांतच राहू दे. आईनंतर मला तूच आहेस. तू माझ्याविरुद्ध उभी राहिलीस तर मी कोणाकडे बघायचं?

तुझा
टिल्या


२८ मे

चि. टिल्यास,

सोमवारी तू मला पाहून उठून उभा राहिलास. ती सवय चांगली लागलीय. साडेदहापासून मी बाकावर होते. अकराला माझं नाव पुकारलं तोवर तू आत जाशील म्हणून दाराकडे बघत होते. तू पाण्याचा ग्लास हातात धरून खिडकीतून बाहेर बघत होतास.

मग मी आत गेले आणि सगळी पत्रं टेबलावर ठेवली. तेवीस तारखेचंही. ते मला एकटीला लिहिलं होतंस हे माहीत असून ठेवलं, कारण त्या अर्जाचा उल्लेख फक्त त्यातच आहे. तुला आत बोलावून अधिकाऱ्याने विचारलं, हे अक्षर तुमचं का, तेव्हा तू "हो" म्हणालास. त्या एका शब्दासाठी मी तुझी आभारी आहे. त्यानंतर तू निघून गेलास, म्हणून पुढचं तुला माहीत नाही. ते सांगण्यासाठी हे पत्र.

मुकादमांवरचा ठपका काढलाय. कामावर परत घेणार आहेत; ते म्हणाले, विचार करून सांगतो. तुझ्या साहेबांना परत बोलावलंय. तुझ्याबद्दल वकील कळवतील. वकिलाचा पत्ता खाली लिहिलाय, त्याच्याशी खोटं बोलू नकोस.

मग मी अधिकाऱ्याला म्हटलं, आता माझं लिहून घ्या. ती पाच घरं मी काळी केली. तो तरुण आहे, नम्र आहे. म्हणाला, "आजी, तुम्ही नोकरीत नव्हता. तुम्ही कोडं सोडवलंत, एवढंच." मी म्हटलं, एवढंच नाही, फलकावरचं वाक्यही माझं आहे. तो म्हणाला, "त्याची आम्हाला गरज नाही." मी उठले नाही. तेव्हा त्याने माझ्या समाधानासाठी एक ओळ लिहिली आणि मला वाचायला दिली. "साक्षीदार वयोवृद्ध असून भावनावश झाल्या." मी त्याला ती खोडायला लावली. तिच्या जागी दुसरं काही त्याने लिहिलं नाही. आयुष्यभर मी लोकांना त्यांची चूक कबूल करायला लावत आले. माझी नोंदवायला कोणाकडे वहीत जागा नाही. तुला वाटत होतं तुझं ते पत्र वाचून माझं ओझं जाईल. तू मला फसवलंस म्हणून मी लिहिलेलं वाक्य न लिहिलेलं होत नाही.

बाहेर आले तर बाकावर मुकादम बसले होते आणि त्यांच्या शेजारी एक बाई, माझ्याच वयाची. चष्मेवालीची आई. मुकादमांनी माझी ओळख करून दिली. काय म्हणून करून द्यावी हे त्यांना कळेना, शेवटी म्हणाले, "या पत्रं घेऊन आल्यात." मी तिला सांगितलं मी कोण ते. सगळं सांगितलं, फलकासकट. तिने पिशवी मांडीवर ओढून घेतली. शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

तिने एकच विचारलं. "ते दार, पहिल्यासारखं मोकळं असतं तर तिला लांब पडलं असतं का हो?"

नकाशा आतच राहिला होता, पण मला त्याची गरज नव्हती. ती जिथे सापडली तिथून दोन घरं वर, मग उजवीकडे एक रॅकमधलं आणि एक सहाव्या गल्लीतलं. मी म्हटलं, "चार घरं."

"एक घर म्हणजे केवढं?"

मला ते माहीत नव्हतं, टिल्या. पासष्ट घरं मी मोजली, पण एक घर केवढं असतं हे तुला कधी विचारलं नाही. मुकादम म्हणाले, "दोन पावलं."

ती उठली. पिशवी बाकावर ठेवली आणि त्या कार्यालयाच्या व्हरांड्यात भिंतीच्या कडेने चालायला लागली, मनात मोजत. आठव्या पावलाला थांबली आणि वळून तिने बाकाकडे पाहिलं. बाक हाताशीच होता. आम्ही तिघं एकमेकांशी न ओरडता बोलू शकलो असतो.

मावशी